वेसाव्याची दोरी, रंगूनचा साग

घाटकोपर

१९५५ सालच्या जानेवारीत घाटकोपरचे एक लाकडाचे व्यापारी, वेसाव्याचे एक नाखवा आणि मी असे तिघे सागाच्या एका लांब ओंडक्यासाठी रंगूनला गेलो. फेब्रुवारीअखेर परत आलो. ओंडका मार्चमध्ये आला.

व्यापारी म्हणजे वसनजीभाई. आग्रा रोडला लागून त्यांची वखार आहे आणि समोरच्या चाळीत मी राहतो. वखारीतली करवत थांबली की जेवायची वेळ झाली, असे आमच्या चाळीत समजतात. वसनजीभाई घराण्याने कच्छचे, जन्माने रंगूनचे आणि बाकी सगळे घाटकोपरचे. युद्धाआधी त्यांच्या वडिलांची रंगूनला वखार होती. बेचाळीस साली ती सोडून यावे लागले. येताना वडिलांनी एक छत्री आणि एक हातोडा आणला. छत्री मोडली. हातोड्याच्या तोंडावर वर्तुळात ‘व’ कोरलेला आहे. घेतलेल्या ओंडक्याच्या डोक्यावर तो एकदा हाणला की ओंडका आपला, ही लाकूडबाजाराची जुनी रीत. वसनजीभाई तो हातोडा गादीशेजारी ठेवतात आणि दसऱ्याला त्याची पूजा करतात.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. पोशा नाखवा नोव्हेंबरात एका सकाळी खांद्यावर दोरीचे वेटोळे घेऊन वखारीत आले. आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मढजवळच्या खडकावर त्यांची होडी आदळली होती. फळ्या बऱ्याचशा वाचल्या, बरगड्याही वाचल्या. तळाचे लांब लाकूड, ज्याला होडीचा कणा म्हणतात, ते मात्र मधोमध मोडले. ते ब्रह्मी सागाचे होते आणि नाखवांच्या आजोबांनी घातले होते. नव्या कण्याचे माप म्हणून नाखवांनी दोरीला गाठ मारून आणली होती. कण्याची लांबी तीच राहिली तर जुन्या बरगड्या जशाच्या तशा बसणार होत्या.

वखारीतला सर्वांत लांब ओंडका दोरीपुढे आखूड पडला. दोरीचा बराच मोठा हिस्सा हवेत राहिला.

वसनजीभाईंनी सांधा सुचवला. दोन तुकडे, मध्ये तिरकी खाच, वरून लोखंडी पट्टी. मुंबईत अशा कितीतरी होड्या चालतात, असेही सांगितले. नाखवांनी दोरी गुंडाळायला घेतली.

“शेट, तुमची खुर्ची सांध्याची असंल तर एकटे तुमी पराल,” ते म्हणाले. “होरी सांध्याची असंल तर चार घरां परतील.”

वेसाव्याच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून पडतील ते परतील. चार घरे म्हणजे नाखवांचे स्वतःचे, दोन धाकट्या भावांचे आणि मेहुण्याचे. चौघेही त्याच होडीवर जात. ती मोडल्यापासून चौघे चार वेगळ्या नाखवांच्या होड्यांवर कामाला होते. नाखवा स्वतः दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. येत्या नारळी पौर्णिमेला स्वतःची होडी पाण्यात गेली नाही, तर सर्वांत धाकटा भाऊ कायमचा सासऱ्याच्या होडीवर जाणार होता. तसे त्याने सांगून ठेवले होते.

असा ओंडका रंगूनलाच मिळेल, असे वसनजीभाई म्हणाले. त्यांना घाटकोपर आणि मुलुंडला उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींच्या चौकटींसाठीही माल हवा होता आणि आयातीचा परवाना हातात होता. मी फोर्टमधल्या एका दैनिकात बाजारभावाचे पान पाहतो. ब्रह्मी सागाची आवक का घटली आणि त्याची जागा चांद्याच्या सागाने कशी घेतली, यावर दोन लेख हवेत, असे संपादक बरेच दिवस म्हणत होते. मी रजा मागितली तेव्हा त्यांनी ती कामगिरी करून टाकली.

बल्लारशा

वाटेत वर्ध्याला गाडी बदलून आम्ही बल्लारशाला उतरलो. देशातच ओंडका मिळाला तर समुद्र ओलांडायला नको, असा नाखवांचा आग्रह होता. पासपोर्टचा फोटो काढताना त्यांना टोपी काढायला लावली होती, तो राग अजून गेलेला नव्हता.

चांद्याच्या जंगलातला साग इथे येऊन पडतो. मैदानभर ओंडक्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक. लिलाव दोन दिवसांवर होता. वसनजीभाईंनी ओंडक्यांना नखाने खरवडले, वास घेतला, जिभेचे टोकही लावले. माल उत्तम आहे, असे त्यांनी कबूल केले. चांद्याच्या सागाचा रंग गडद, त्यात काळ्या रेषा, घडवले की चकाकी येते. खिडक्या-दारांना याहून चांगले लाकूड नको. पण नाखवांची दोरी एकाही ओळीत पुरली नाही. सगळे ओंडके जणू एकाच वर्गातले विद्यार्थी, उंचीप्रमाणे निवडून बसवलेले.

एवढे आखूड का, असे वसनजीभाईंनी तिथल्या वनरक्षकाला विचारले. तो बिडी विझवून आला.

“बंडीच्या मापानं तोडतो जी,” तो म्हणाला. बंडी म्हणजे तिकडची बैलगाडी. “नाल्यात बंडी वळली पाहिजे, मंग रेल्वेच्या डब्यात बसलं पाहिजे. लांब पाहिजे होतं तर बैलाले इचारा.”

जंगलात याहून दुप्पट उंचीची झाडे उभी आहेत, हेही त्याने सांगितले. ती पडतात तेव्हा लांबच असतात. तिथेच त्यांचे तुकडे होतात. नाखवांनी ते ऐकले आणि एका ओंडक्यावर बसून राहिले. मग त्यांनी रंगूनची स्टीमर कलकत्त्याहून कधी सुटते, असे विचारले.

बल्लारशाला आम्ही झुणका-भाकरी आणि वर ठेचा खाल्ला. वसनजीभाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी ताटातली भाकरी संपवून आणखी एक मागितली.

समुद्र

कलकत्ता ते रंगून या प्रवासात नोंदण्यासारखी एकच गोष्ट घडली. वेसाव्याचे नाखवा, ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले, ते हुगळीचे मुख ओलांडल्यापासून आडवे झाले आणि वसनजीभाई, ज्यांना पवईच्या तळ्यातल्या नावेतही बसवत नाही, ते डेकवर खाखरे खात फिरत राहिले. होडी आपण हाकतो तेव्हा पोटाला आधीच कळते, असे नाखवांचे म्हणणे पडले. स्टीमर कोण हाकतो, हे त्यांच्या पोटाला कोणी सांगितले नव्हते.

“नाखवा, उठून जरा लिंबू चाटा,” वसनजीभाई दर तासाला सांगत.

“शेट, तुमी चाटा आनि गप बसा,” हे उत्तरही दर तासाला येई.

रंगून

धक्क्यावर सावंत उभे होते. हे मूळचे वेंगुर्ल्याकडचे. लढाईआधी वसनजीभाईंच्या वडिलांच्या वखारीत कामाला होते, नंतर इथेच राहिले, इथल्याच बाईशी लग्न केले आणि आता नदीकाठच्या एका करवतगिरणीत मिस्त्री आहेत. कमरेला ब्रह्मी लुंगी, तोंडात मालवणी. आम्हाला पाहून ते आधी वसनजीभाईंच्या पाया पडायला वाकले, मग आठवले की हे चिरंजीव, वडील नव्हेत, आणि अर्ध्यावरून परतून त्यांनी पाठीवर थाप मारली.

रंगून मुंबईपेक्षा मोकळे आहे. रस्ते सरळ आणि आडव्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक, त्यामुळे चुकायला विशेष प्रयत्न करावे लागतात. बायका गालांना पिवळसर लेप लावून बाजारात विकायला बसतात, हिशेब त्याच बघतात आणि मोठे चिरूटही ओढतात. पुरुष शेजारी मूल सांभाळताना दिसतात. वेसाव्यालाही बाजार बायकांच्याच हातात असतो, म्हणून नाखवांना याचे नवल वाटले नाही. चिरुटाचे वाटले.

सकाळी मोहिंगा खातात. माशाच्या दाट कढणात तांदळाच्या शेवया, वर कुरकुरीत कांदा. नाखवांनी पहिल्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या आणि समुद्रावरचा सगळा अशक्तपणा धुऊन काढला. जेवणात कुटून आंबवलेल्या मासळीची चटणी असते. ती पानात पोचण्याआधी तिचा वास नाकापाशी पोचतो. नाखवा म्हणाले, घरी आल्यासारखे वाटते. वसनजीभाई मांस-मासळी खात नाहीत. सावंतांच्या बायकोने त्यांच्यासाठी चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर केली, तीळ, शेंगदाणे आणि लसूण घालून. चहा प्यायचा सोडून खातात, हे त्यांना पटेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती मागून घेतली.

इथल्या सागाच्या व्यापाराविषयी सावंतांनी सांगितले आणि पुढे मी ते इतरांकडून पडताळून घेतले. लढाईआधी जंगले इंग्रज कंपन्यांकडे होती. नदीकाठी आमच्या मुंबईच्या, मद्रासच्या व्यापाऱ्यांचे अडते बसत. ओंडका तरंगत आला की अडते काठावरच सौदा करत, हातोडा हाणत आणि माल जहाजावर चढवत. स्वातंत्र्यानंतर सागाचा व्यापार ब्रह्मी सरकारने ताब्यात घेतला. आता माल सरकारी आवारात येतो, भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि अडते नाहीत. आवक घटण्याचे कारण निराळे. जंगलांच्या बऱ्याच भागांत बंडखोर आहेत. झाडे तोडायला जाणारे जपून जातात आणि नदीतून येणारे काही ओंडके वाटेतच चोरीला जातात.

आपल्याकडे याच काळात उलट झाले. संस्थाने विलीन झाली, त्यांची जंगले सरकारकडे आली, ठेकेदार वाढले, लिलाव वाढले. ब्रह्मी साग येईनासा झाला तसे मुंबईच्या सुतारांनी चांद्याचा साग हाती घेतला. सुरुवातीला त्याला हलका म्हणत. आता घाटकोपरात कोणाला विचारले तर ब्रह्मी साग म्हणजे वडिलांच्या पलंगाचे लाकूड.

नदीकाठ

सरकारी आवार नदीकाठी आहे. अर्धे ओंडके चिखलात, अर्धे पाण्यात. वसनजीभाईंना हत्ती पाहायचे होते. हत्ती वरच्या जंगलात असतात, इथे नाहीत, असे सावंतांनी सांगितले. इथे फक्त त्यांची खूण दिसते. प्रत्येक ओंडक्याच्या एका टोकाला आरपार भोक असते. त्यात साखळी अडकवून हत्ती तो ओढत नदीपर्यंत आणतो.

इथला साग लांब का, हे त्या दिवशी कळले. ब्रह्मदेशात झाड आधी उभेच मारतात. बुंध्याभोवती कुऱ्हाडीने पट्टा काढतात आणि ते तीन वर्षे तसेच वाळू देतात. ओला साग बुडतो, वाळलेला तरंगतो. मग तोडून, ओढून नदीत सोडतात. नदीला नाल्यातले वळण नाही की रेल्वेचा डबा नाही, त्यामुळे झाड असते तेवढा ओंडका राहतो. बल्लारशाला माप बैल ठरवतो, इथे पाणी.

“मंग पानीच बरां,” नाखवा म्हणाले.

आवाराचे अधिकारी ऊ चिट. ऊ म्हणजे आपल्याकडचे राव. बारीक, हसतमुख, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवून कोरा चहा दिला. चौकटीच्या मालाची बोलणी निघाली तेव्हा वसनजीभाईंनी खिशातला मोठा रुमाल काढला, आपल्या पंजावर पसरला आणि हात पुढे केला. घाटकोपरात सौदा असाच होतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटांवर भाव, आजूबाजूच्यांना काही कळत नाही. ऊ चिट यांनी रुमाल दोन्ही हातांनी घेतला, मान लववून आभार मानले, घडी केली आणि खिशात ठेवला. मग भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केले. भाव तिथे होता.

त्या रुमालाचा पुढे सगळ्या मुक्कामात उल्लेख होत राहिला. वसनजीभाईंना तो परत मागता आला नाही.

ओंडका दुपारी सापडला. पाणी उतरल्यावर चिखलात एका रांगेच्या टोकाला तो पडला होता. सरळ, गाठ नाही, चीर नाही. साखळीच्या भोकाचा भाग कामाचा नसतो, म्हणून नाखवांनी भोकाच्या अलीकडून दोरी लावली आणि चिखलातून चालत दुसऱ्या टोकाला गेले. गाठीच्या पुढे चार बोटे लाकूड उरले. ते परत आले, उलट्या बाजूने मापले. पुन्हा चार बोटे. मग त्यांनी ओंडक्यावर पालथा हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

वसनजीभाईंनी व्हरांड्याकडे पाहून हात वर केला. ऊ चिट यांनी वरून मान हलवली. ओंडका विकायचा आहे, एवढाच त्या होकाराचा अर्थ होता. वसनजीभाईंच्या लेखी तो सौदा झाला. त्यांनी घाटकोपरहून बरोबर आणलेला हातोडा पिशवीतून काढला आणि वडील याच काठावर करत तसे ओंडक्याच्या चांगल्या, भोक नसलेल्या टोकावर नेम धरून एकच घाव घातला. वर्तुळातला ‘व’ लाकडात स्वच्छ उमटला.

आवारातले काम थांबले. सावंत चिखलातून धावत आले.

“शेट, ह्यां काय केल्यात?” ते म्हणाले. “हंय आता कोणी हातोडो मारूचो नसता.”

ऊ चिट खाली आले तेव्हा हसत नव्हते. त्यांनी दोन माणसे ओंडक्यापाशी उभी केली. सावंत भाषांतर करत होते. सरकारच्या विक्रीच्या खुणेआधी दुसऱ्या कोणाची खूण ओंडक्यावर दिसली तर तो चोरीचा माल धरला जातो. बंडखोर असेच करतात. वाटेत ओंडका अडवून आपला हातोडा हाणतात आणि पुढे विकतात. वसनजीभाईंनी हातोडा दाखवला, वडिलांचे नाव सांगितले, याच काठावर त्यांनी वर्षानुवर्षे हाच घाव घातला होता हे सांगितले. ऊ चिट यांनी ते सगळे शांतपणे ऐकले. हातोडा हातात घेऊन पाहिला, वजन तोलले आणि परत दिला. मग ओंडका अडकवून ठेवल्याचे सांगितले. वरिष्ठांना विचारून दोन दिवसांत निर्णय कळवतो, म्हणाले.

नाखवांनी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि नदीच्या बाजूला चालायला लागले.

दोन दिवस

पहिल्या दिवशी वसनजीभाई जेवले नाहीत. सावंतांच्या बायकोने कोशिंबीर पुढे ठेवली, ती तशीच राहिली. नाखवांनी आपल्याला शिवी तरी द्यावी, असे ते मला म्हणाले. नाखवा दिवसभर एका ब्रह्मी कोळ्याच्या नावेत होते. एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. संध्याकाळी ते चार मोठे मासे घेऊन आले आणि सावंतांच्या बायकोला दिले.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी वसनजीभाईंच्या पानाकडे पाहिले.

“जेवा, शेट,” ते म्हणाले. “उपाशी मानसाला शिवी देत नाय मी.”

वसनजीभाई जेवले. जेवण झाल्यावर नाखवांनी शिवी दिली. ती वेसाव्याची आणि बरीच लांब होती. त्यानंतर दोघे बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्वेडगाँ पॅगोडाला गेलो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुलांची, मेणबत्त्यांची, सोन्याच्या वर्खाची दुकाने. वर सगळे अनवाणी. तिथेही खांब सागाचे. वसनजीभाईंनी एका खांबाला नख लावायला हात उचलला. सावंतांनी तो हवेतच धरला.

निर्णय

ऊ चिट यांनी आम्हाला सकाळी बोलावले. ओंडका जप्त होणार नव्हता. परवाना आणि सावंतांचा जबाब पाहून हे चोरीचे प्रकरण नाही, असे वरिष्ठांनी मानले होते. पण खूण राहून चालणार नव्हती. खुणेचे टोक कापून काढायचे, उरलेला ओंडका नव्याने मापायचा आणि मग विकायचा.

वाकसाने वरचा पापुद्रा तासला तर भागणार नाही का, असे वसनजीभाईंनी विचारले. नाही, असे उत्तर आले. घाव बसतो तेव्हा लाकूड आतपर्यंत दबते. वरून कितीही तासले तरी माहीतगार माणूस खूण पुन्हा वर काढतो. चोर तासतात, म्हणून सरकार कापते. किती कापायचे, यावर आवाराची रीत एक हात अशी होती.

ब्रह्मदेशातही कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात मोजतात. हे ऐकून नाखवांनी पहिल्यांदा वर पाहिले.

“कोनाचा हात?” त्यांनी विचारले.

सावंतांनी भाषांतर केले. ऊ चिट यांनी चष्मा काढून पुसला. रीतीत हात कोणाचा ते ठरलेले नाही, असे ते म्हणाले. नेहमी आवाराचा मुकादम आपला हात लावतो. मुकादम शेजारीच उभा होता. माणूस उंच आणि हाताने लांब. नाखवांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग सावंतांकडे. शेवटी त्यांनी वसनजीभाईंचे मनगट धरले. वसनजीभाई आम्हा सगळ्यांत बुटके आहेत.

“यांचा,” नाखवा म्हणाले. “हातोरा यांनीच मारला, हात पन यांचाच लावा.”

ऊ चिट हसले. आवारातली माणसेही हसली. वसनजीभाईंनी सदऱ्याची बाही वर केली, चिखलात गुडघे टेकले आणि कोपर ओंडक्याच्या टोकाशी लावले. बोटे त्यांनी जितकी आखडता येतील तितकी आखडली. मुकादमाने ती सरळ केली. खडूने रेघ मारली.

कापण्याआधी ऊ चिट यांनी दुसरा मार्ग सांगितला. पावसाळ्यानंतर नद्या फुगून उतरल्या की नवे ओंडके येतात. तेव्हा पुन्हा यावे, कदाचित याहून लांब मिळेल. पण तोवर नारळी पौर्णिमा उलटून गेली असती. वसनजीभाईंनी पुन्हा सांध्याचा विषय काढला: कापले जाईल तेवढाच दुसरा तुकडा मागच्या टोकाला जोडता येईल, अगदी लहानसा सांधा.

नाखवांनी दोरी जमिनीवर ठेवली, गाठीत नखे घालून ती सोडवली. ती गाठ भिजून घट्ट झाली होती, वेळ लागला. मग ओंडक्यावर दोरी धरून खडूच्या रेघेशी नवी गाठ मारली.

“होरी लान झाली तरी चालंल,” ते म्हणाले. “बिनसांध्याची, आकी पायजे.”

दोन माणसांनी आडवी करवत लावली. सागाच्या भुशाचा वास चामड्यासारखा, किंचित तुपट असतो. बल्लारशाचा आणि इथला, या बाबतीत मला फरक जाणवला नाही. टोक पडले तेव्हा ‘व’ वर होता. ते सरकारजमा झाले. ऊ चिट यांनी विक्रीची खूण स्वतः मारली. आम्ही निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा ते टोक व्हरांड्यात उभे करून ठेवले होते आणि त्यावर चहाची किटली होती. किटलीखाली वसनजीभाईंचा रुमाल होता.

वेसावे

ओंडका मुंबई बंदरात उतरला. वेसाव्याच्या गल्ल्यांतून एवढे लांब लाकूड वळणार नव्हते. नाखवांनी ते ट्रकवर चढवू दिले नाही. त्यांच्या भावांनी आणि मेहुण्याने एक मचवा मागून आणला, ओंडका मागे बांधला आणि कुलाब्याला वळसा घालून पाण्यातून वेसाव्याला नेला. मी मचव्यात होतो. वसनजीभाई किनाऱ्याने आले. ओंडका वाटभर तरंगला.

बरगड्या बसवताना मागची एक जोडी जास्त झाली. कणा वसनजीभाईंच्या एका हाताने, त्यातून चार बोटे वजा, आखूड होता. नव्या कण्यावर फळ्या पुन्हा तासून घ्याव्या लागल्या, त्यात एप्रिल आणि मे गेला. धाकटा भाऊ जूनमध्ये सासऱ्याकडून निरोप आला तेव्हा तिकडे गेला आणि दोन दिवसांनी परत आला. काय बोलणे झाले ते मला कळले नाही.

माझे दोन लेख पावसाळ्यात छापून आले. त्यानंतर घाटकोपरात कोणी रुमाल काढला की लोक वसनजीभाईंकडे पाहतात. हातोडा अजून गादीशेजारीच असतो.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. वसनजीभाईंनी नारळ आणला होता. तो नाखवांनी त्यांच्याच हाताने समुद्राला अर्पण करवला. होडीवर चौघे होते.

डिसेंबरात मी वेसाव्याला गेलो. नाखवा आणि भाऊ समुद्रावर होते. जास्त झालेली बरगड्यांची जोडी त्यांच्या अंगणात उलटी रोवलेली आहे. दोन्हींच्या मध्ये ती मापाची जुनी दोरी बांधली आहे आणि तिच्यावर बोंबील वाळत होते.